राजीनाम्यातील ‘राजी’ : एका लेखप्रकाराची चिकित्सा

१

नोकरीच्या जागी लैंगिक छळ सोसावा लागलेली स्त्री जेव्हा नोकरी सोडते, तेव्हा संस्थेच्या दप्तरात तिच्यामागे बहुधा एकच कागद उरतो. तो म्हणजे तिचा राजीनामा. जे घडले त्याचा उल्लेख या कागदात क्वचितच सापडतो. ‘वैयक्तिक कारणास्तव’ या दोन शब्दांत सारे प्रकरण आटोपलेले असते, त्याखाली सही असते आणि सहीखाली ‘स्वीकृत’ असा शेरा असतो. कायद्याच्या आणि समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी त्या स्त्रीच्या स्थितीचा पुष्कळ विचार केला आहे. तिने लिहिलेल्या कागदाचा विचार मात्र भाषेच्या अंगानेच व्हावयास हवा. कारण प्रत्यक्ष घटना व तिची नोंद यांत जे अंतर पडते, ते भाषेच्या द्वारेच पडते.

या अंतराचे एक स्पष्टीकरण अलीकडे बरेच मान्यता पावले आहे. अनुभवाला नाव नसल्यामुळे तो सांगता येत नाही. नाव मिळाले की मौन सुटते, असे त्याचे थोडक्यात स्वरूप आहे. हे स्पष्टीकरण खोटे नाही, पण अपुरे आहे. ‘लैंगिक छळ’ हे नाव मिळून, त्यावर कायदा होऊन, त्याच्या पाट्या कचेऱ्यांच्या भिंतींवर लागल्यावरही राजीनाम्याच्या पत्रांतील भाषा पूर्वीचीच राहिली असेल, तर मौनाचे कारण शब्दसंग्रहातील उणिवेत शोधून भागणार नाही. ते राजीनामा या लेखप्रकाराच्या घडणीतच शोधले पाहिजे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘राजी’ हे मूळचे अरबी विशेषण. संतुष्ट, कबूल, संमत असा त्याचा अर्थ. ‘नामा’ हे फारसी पद; लेख, पत्र हा त्याचा अर्थ. करारनामा, जाहीरनामा, हुकूमनामा या शब्दांच्या मालिकेत राजीनामा बसतो आणि त्याचा शब्दशः अर्थ ‘संमतीचा लेख’ असा होतो. हिंदी-उर्दूत हा शब्द आजही मुख्यतः तडजोडीच्या लेखासाठी वापरतात. नोकरी सोडण्याच्या पत्राला तेथे ‘इस्तीफा’ किंवा ‘त्यागपत्र’ म्हणतात. मराठी, गुजराती, कन्नड व तेलुगू या भाषांत मात्र नोकरी सोडण्याच्या पत्रालाच हे नाव मिळाले.

या अर्थांतराची दिशा कळण्यास मुंबई इलाख्यातील जमीन महसुलाचा कारभार उपयोगी पडतो. जमीन सोडणाऱ्या खातेदाराने ‘राजीनामा’ लिहून द्यावयाचा आणि ती नव्याने धरणाऱ्याने ‘कबुलायत’ लिहून द्यावयाची, अशी तेथे जोडीच होती. जमीन कोणी हिसकावलेली नाही, धारकाने ती आपखुशीने सोडली आहे, याचा पुरावा सरकारदप्तरी राहावा हा त्या कागदाचा हेतू. म्हणजे लिहून देणाऱ्याच्या नावे असलेला हा लेख प्रत्यक्षात लिहून घेणाराच्या सोयीचा होता. जुन्या दस्तऐवजांत ‘लिहून घेणार’ व ‘लिहून देणार’ असे दोन्ही पक्ष नावानिशी येत आणि ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने’ हे शब्दही येत. नोकरीच्या राजीनाम्यात यांपैकी ‘लिहून घेणार’ हा पक्ष लेखातून नाहीसा झाला. राजीखुशीचा उच्चारही गळला. परंतु ती शब्दाच्या पोटात गृहीत राहिली.

याच धातूपासून निघालेले आणखी दोन शब्द मराठीत रुळलेले आहेत. त्यांपैकी ‘रजा’ म्हणजे धन्याने दिलेली संमती; ‘नाराजी’ म्हणजे संमतीचा व संतोषाचा अभाव. धन्याच्या संमतीने जी मिळते ती रजा, आणि चाकराच्या संमतीने जो दिला जातो तो राजीनामा, अशी ही सममिती आहे. तेव्हा नाराजीने दिलेला राजीनामा हा व्युत्पत्तीच्या दृष्टीने वदतोव्याघात ठरतो. परंतु व्यवहारात तो रोज घडतो.

येथे एक सावधगिरी राखली पाहिजे. शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे त्याचा आजचा अर्थ नव्हे. ‘राजीनामा’ उच्चारताना कोणत्याही मराठी भाषकाच्या मनात अरबी धातू जागा नसतो. केवळ व्युत्पत्तीवर सिद्धान्त उभारणे हा भाषाशास्त्रातील जुना दोष आहे. परंतु प्रस्तुत ठिकाणी जुना अर्थ शब्दातून लोपला असला, तरी संस्थेतून लोपलेला नाही. राजीनामा स्वेच्छेचा आहे असे व्यवहारात धरून चालतात, आणि तो स्वेच्छेचा नव्हता हे दाखवण्याचा भार देणाऱ्यावर पडतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ याने मुक्त संमतीचा विचार केला आहे व बळजबरीने घेतलेल्या संमतीवरील करार रद्द करण्याचा अधिकार त्या पक्षाला दिला आहे. पण बळजबरी सिद्ध करावयाची तर ती कागदावर कोठे तरी दिसली पाहिजे. आणि राजीनाम्याचा कागद तर नेमकी तीच दिसू देत नाही.

३

नाव नसल्यामुळे मौन, या मताचा मुख्य आधार म्हणून ज्या प्रकरणाचा दाखला दिला जातो, ते मुळात एका राजीनाम्याचेच प्रकरण आहे. म्हणून त्याचा तपशील पाहणे अगत्याचे आहे.

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात इथाका येथे कॉर्नेल विद्यापीठ आहे. तेथील अणुभौतिकीच्या विभागात कार्मिटा वुड ही स्त्री आठ वर्षे नोकरीस होती. प्रयोगशाळेतील साहाय्यकापासून ती कार्यालयीन व्यवस्थेच्या कामापर्यंत चढली होती, आणि दोन मुलांचा भार तिच्या एकटीवर होता. एका वरिष्ठ शास्त्रज्ञाच्या अंगलट वर्तनाला ती दीर्घकाळ तोंड देत राहिली. मान व पाठ यांचे दुखणे जडले. तिने दुसऱ्या विभागात बदली मागितली. ती मिळाली नाही, तेव्हा १९७४ मध्ये तिने नोकरी सोडली. पुढे तिने बेकारभत्त्यासाठी अर्ज केला. सुझन ब्राउनमिलर यांनी १९९९ मधील आपल्या ‘इन अवर टाइम’ या ग्रंथात दिलेल्या कथनानुसार, नोकरी का सोडली असे अधिकाऱ्याने विचारले असता ती लाजेने गोंधळली. नमुन्यातील रिकामी जागा तर भरावयाची होती. शेवटी तिने कारण ‘वैयक्तिक’ असल्याचे सांगितले. भत्ता नाकारण्यात आला.

त्यानंतर ती लिन फार्ली व त्यांच्या सहकारिणींकडे गेली. फार्ली त्या काळी कॉर्नेलमध्ये स्त्रिया व श्रम या विषयाचे वर्ग घेत होत्या. आपापल्या नोकऱ्यांतील असेच अनुभव त्या सर्वांजवळ निघाले. या वर्तनाला काय म्हणावे याची चर्चा झाली. धाकदपटशा, जबरदस्ती, पिळवणूक या अर्थांचे शब्द तपासून पाहण्यात आले. आणि ढोबळ व सूक्ष्म अशा दोन्ही तऱ्हांचे चिवट वर्तन ज्यात सामावेल असा ‘हॅरसमेंट’ हा शब्द पसंत पडला. ४ मे १९७५ रोजी इथाका येथे जाहीर सभा झाली आणि ‘सेक्शुअल हॅरसमेंट’ हे पद सार्वजनिक चलनात आले. फार्ली यांचा ग्रंथ १९७८ मध्ये व कॅथरिन मॅकिनन यांचा ग्रंथ १९७९ मध्ये निघाला, आणि त्या पदाला कायद्याच्या विचारात स्थान मिळाले.

तत्त्वचिंतक मिरांडा फ्रिकर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘एपिस्टेमिक इन्जस्टिस’ या ग्रंथात याच प्रकरणावर आपली एक प्रमुख संकल्पना बसवली आहे. समाजाच्या सामाईक अर्थसाधनांत एखादी पोकळी असते. त्या पोकळीमुळे छळणारा व छळ सोसणारी या दोघांच्याही आकलनावर मर्यादा पडते. परंतु आपला अनुभव उमजण्याची व सांगण्याची निकड फक्त तिला असते, म्हणून हानी तिचीच होते. या अन्यायाला ‘अर्थबोधविषयक अन्याय’ असे मराठीत म्हणता येईल. या मीमांसेचे महत्त्व वादातीत आहे. भाषा हे केवळ अनुभवाचे वेष्टन नसून अनुभव आकळण्याचे साधन आहे, हे तिने एका साध्या नोकरदार स्त्रीच्या उदाहरणाने दाखवून दिले.

४

तथापि, या मीमांसेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला आक्षेप गेल पोलहाउस यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या विचाराच्या अनुरोधाने येतो. सोसणाऱ्यांच्या वर्गात पुष्कळदा पुरेशी समज व तिला साजेशी भाषा असते. प्रबळ वर्ग ती भाषा जाणूनबुजून उचलत नाही. वुड हिला काय घडत आहे हे कळत नव्हते असे म्हणणे कठीण आहे. तिने बदली मागितली होती. ज्याला आपल्या दुखण्याचा उगम कळतो, तोच त्या उगमापासून दूर जाण्याची मागणी करतो.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. नाव सिद्ध झाल्यानंतर, त्याच वर्षी, वुड हिच्या अपिलाचा निकालही तिच्याविरुद्धच गेला. तेव्हा तिच्याजवळ शब्द होता, साक्ष देणाऱ्या मैत्रिणी होत्या, वृत्तपत्रांचे लक्षही या प्रश्नाकडे वळले होते. असे असूनही ‘वैयक्तिक’ हा शब्द हटला नाही. फ्रिकर यांच्या विवेचनात या उत्तरार्धाला मिळावे तेवढे वजन मिळालेले नाही. शब्द आला तरी नमुन्यातील रिकामी जागा तीच राहिली. आणि त्या जागेत कोणता शब्द मावतो हे ती जागाच ठरवीत होती.

ही ‘जागा’ म्हणजे काय, हे मराठी राजीनाम्याच्या रचनेवरून स्पष्ट करता येते. तिची तीन अंगे आहेत.

पहिले अंग क्रियापदाचे. ‘मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे’ हे विधान काही वर्णन करीत नाही. ते उच्चारणे हीच कृती होय. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये दिलेल्या व १९६२ मध्ये ग्रंथरूपाने निघालेल्या व्याख्यानांत अशा कृतिरूप उक्तींचे विवेचन केले आहे. अशा उक्ती खऱ्या वा खोट्या नसतात. त्या साधतात किंवा फसतात. राजीनाम्याची उक्ती साधण्यास कारण सांगणे आवश्यक नसते. कारणाचा भाग व्याकरणदृष्ट्या क्रियाविशेषणात्मक, गाळता येण्याजोगा असतो; आणि जो भाग गाळता येतो, तो औपचारिक लेखात साच्याने भरला जातो.

दुसरे अंग त्या साच्याचे. ‘वैयक्तिक कारणास्तव’ या प्रयोगात कारण आहे, पण कारक नाही. ‘वैयक्तिक’ म्हणजे व्यक्तीसंबंधी. कोणत्या व्यक्तीसंबंधी हे शब्द सांगत नाही. पत्र प्रथमपुरुषी असल्यामुळे वाचणारा ती व्यक्ती म्हणजे लिहिणारीच समजतो. छळाच्या प्रकरणात कारण एका व्यक्तीशी निगडित असते हे खरेच. परंतु ती व्यक्ती दुसरी असते. सर्वनामाच्या या एका सहज गृहीतामुळे दुसऱ्याचे वर्तन लिहिणारीच्या खाजगी जीवनात जमा होते. तिचे लग्न, तिचे मूल, तिची प्रकृती, असे तर्क पुढे कचेरीत चालतात आणि त्या तर्कांना पत्रच वाव देते.

तिसरे अंग वृत्तकथनाचे. राजीनाम्याविषयी इतर लोक बोलतात ते असे : ‘तिने राजीनामा दिला’, ‘तिला राजीनामा द्यावा लागला’, ‘तिचा राजीनामा स्वीकारण्यात आला’. पहिल्या वाक्यात कर्ती तीच. दुसऱ्यात सक्ती आहे, पण सक्ती करणारा नाही. ‘लागणे’ या सहायक क्रियापदाची प्रकृतीच अशी आहे की सक्ती जणू ऊनपावसासारखी आकाशातून आली. तिसऱ्यात स्वीकारणारा अध्याहृत. मराठीला छळणाऱ्याला वाक्यात आणता येत नाही असे मात्र नाही. ‘त्याने तिला राजीनामा द्यायला लावला’ हे वाक्य शुद्ध, सोपे व सर्वांच्या बोलण्यातले आहे. ते जिन्यात, डब्याच्या वेळी, लोकलच्या डब्यात ऐकू येते. राजीनाम्याच्या पत्रात, सेवापुस्तकात आणि अहवालात ते येत नाही. अर्थात उणीव भाषेत नाही. भाषेने जे दिले आहे ते या लेखप्रकाराने वर्ज्य केले आहे.

हा निर्बंध लिहिणारी स्वतःवर का लादून घेते, याची कारणे गूढ नाहीत. पत्र ज्याच्या नावे लिहावयाचे तो बहुधा तोच वरिष्ठ किंवा त्याचा निकटचा सहकारी असतो. अनुभवाचा दाखला, शिल्लक पगार, पुढच्या नोकरीसाठी लागणारी शिफारस ही सर्व त्याच टेबलावरून यावयाची असतात. अशा स्थितीत ‘वैयक्तिक’ हा शब्द म्हणजे लिहिणारीने बाहेर पडण्यासाठी भरलेले शुल्क होय. त्याला तिचे अज्ञान किंवा भीरुता म्हणणे म्हणजे व्यवहारातील तिची जाण नाकारणे होईल.

५

मराठीत ‘हॅरसमेंट’साठी ‘छळ’ हा शब्द स्थिरावला. त्याआधीचे दोन शब्द पाहिले म्हणजे या निवडीचे मोल कळते. ‘छेडछाड’ या शब्दात थट्टेची छटा आहे आणि ती कृत्याचे गांभीर्य कमी करते. ‘विनयभंग’ हा दंडसंहितेच्या कलम ३५४ मुळे रूढ झालेला शब्द. त्यात इजा होते ती स्त्रीच्या विनयाला, म्हणजे तिच्या ठायी कल्पिलेल्या एका गुणाला, आणि त्यामुळे प्रत्येक चौकशीत तो गुण तिच्या ठायी होता काय हा प्रश्न आपोआप उठतो. ‘छळ’ हा शब्द यांहून चांगला, कारण तो करणाऱ्याच्या वर्तनाकडे व त्या वर्तनाच्या सातत्याकडे बोट दाखवितो.

या शब्दाचा पूर्वज संस्कृत ‘छल’. त्याचा अर्थ कपट. मराठीत तो जाचापर्यंत पोचला. न्यायशास्त्रात मात्र ‘छल’ ही एक नेमकी परिभाषा आहे. बोलणाऱ्याच्या शब्दाला त्याला अभिप्रेत नसलेला दुसरा अर्थ जोडून त्याच्या म्हणण्याचा व्याघात करणे म्हणजे छल. वाक्छल, सामान्यछल व उपचारछल असे त्याचे तीन प्रकार गौतमाच्या सूत्रांत येतात. वाक्छलाचे प्रसिद्ध उदाहरण ‘नवकंबल’ या शब्दाचे. बोलणाऱ्याला नवे कांबळे म्हणावयाचे असते. प्रतिपक्षी ‘नव’चा अर्थ नऊ असा घेतो आणि याच्याजवळ नऊ कांबळी कोठे आहेत, असे विचारून त्याला खोटा पाडतो.

राजीनाम्याच्या पत्राचे संस्थेकडून जे वाचन होते ते या अर्थी वाक्छलच आहे. ‘वैयक्तिक’ हा शब्द लिहिणारीने मौनाची खूण म्हणून योजलेला असतो. संस्था तो निवेदन म्हणून वाचते. ‘राजीनामा’ हा शब्द तिने नोकरी सोडण्याच्या रूढ अर्थाने वापरलेला असतो. संस्था त्यातला जुना ‘राजी’ जागा करते आणि ती तर आपखुशीने गेली, असे म्हणते. पुढे कधी तिने तोंड उघडलेच तर तिचेच पत्र तिच्यापुढे ठेवले जाते. म्हणजे एकाच स्त्रीच्या वाट्याला आधी मराठी अर्थाने छळ येतो आणि मग न्यायशास्त्राच्या अर्थाने छल येतो. दुसऱ्यामुळे पहिला दप्तरातून पुसला जातो, हा या सर्व व्यवहाराचा मर्मभाग होय.

६

या वाक्छलाला उत्तर देण्याचा प्रयत्न न्यायालयांनी केला आहे. त्यांची वाटचाल भाषेच्या अभ्यासकाला उद्बोधक वाटावी, कारण ती मुख्यतः शब्दांच्या निवडीची वाटचाल आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये मेचेल व्हिन्सन हिच्या प्रकरणात एक महत्त्वाचा भेद केला. स्त्रीचे वर्तन ऐच्छिक होते काय हा प्रश्न गैरलागू. पुरुषाचे वर्तन तिला नकोसे होते काय हा खरा प्रश्न, असे न्यायालयाने ठरविले. बाह्य कृतीतील होकार आणि मनातील नकोसेपण ही एकत्र नांदू शकतात, हे या भेदाने मान्य झाले. २००४ मध्ये त्याच न्यायालयापुढे पेनसिल्व्हेनिया राज्य पोलिसांतील कर्मचारी नॅन्सी ड्रू सुडर्स हिचे प्रकरण आले. वरिष्ठांच्या छळामुळे १९९८ मध्ये आपण नोकरी सोडली, असे तिचे म्हणणे होते. त्या स्थितीतील समंजस माणसाला नोकरी सोडण्यावाचून गत्यंतर वाटले नसते, इतकी परिस्थिती असह्य असेल, तर असा राजीनामा कायद्याच्या दृष्टीने बडतर्फीसारखाच धरता येईल, हे तत्त्व न्यायालयाने तेथे लावले. ज्याला संमतीचा लेख म्हणत, त्याला हकालपट्टीचा लेख म्हणण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली.

भारतात विशाखा प्रकरणाचा निर्णय १३ ऑगस्ट १९९७ रोजी लागला. त्यातील मार्गदर्शक तत्त्वांच्या अंमलबजावणीसाठी पुण्यातील कार्यकर्त्या मेधा कोतवाल लेले यांच्या नावाने चाललेल्या प्रकरणात २०१२ मध्ये आणखी निर्देश मिळाले, आणि २०१३ मध्ये स्वतंत्र अधिनियम झाला. या अधिनियमातील पीडित स्त्रीची व्याख्या ती नोकरीत असो वा नसो अशी आहे. म्हणजे राजीनाम्याने तक्रारीचा हक्क बुडत नाही. तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिने, व कारण पटल्यास आणखी तीन महिने. नुकसानभरपाई ठरविताना गमावलेल्या संधीचाही विचार व्हावा असे त्यात आहे. परंतु संस्थेच्या वार्षिक अहवालात द्यावयाची असते ती तक्रारींची संख्या. न केलेल्या तक्रारीचे जे रूपांतर राजीनाम्यात होते, त्याला या अहवालात रकाना नाही. ज्या कचेरीतून चार स्त्रिया ‘वैयक्तिक कारणास्तव’ गेल्या, तिचा अहवाल शून्य तक्रारींचा, म्हणून निर्दोष ठरू शकतो.

राजीनाम्याच्या वाचनाचे सर्वांत बोलके भारतीय उदाहरण मात्र खुद्द न्यायसंस्थेतीलच आहे. मध्य प्रदेशातील एका महिला अतिरिक्त जिल्हा न्यायाधीशाने जुलै २०१४ मध्ये राजीनामा दिला. उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींवर तिने लैंगिक छळाचा आरोप केला होता. पुढे चौकशी समितीने तो सिद्ध झाला नाही असे म्हटले. पण शैक्षणिक वर्षाच्या मध्यावर ग्वाल्हेरहून सीधी येथे झालेली तिची बदली, मुलीच्या परीक्षेसाठी मुदत मिळावी म्हणून तिने केलेली विनंती आणि त्या विनंतीला मिळालेला नकार हा भाग वेगळा उरला. १० फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, या परिस्थितीत दिलेला राजीनामा स्वेच्छेचा म्हणता येत नाही. आणि तिला सेवेत परत घेण्याचा आदेश दिला. मधल्या काळातील वेतन मात्र मिळाले नाही.

या निर्णयातील वाचनपद्धती ध्यानात घेण्याजोगी आहे. न्यायालयाने राजीनाम्याचे पत्र एकटे वाचले नाही. त्याच्या आधीची बदलीची आज्ञा, विनंतीअर्ज व नकार यांच्या मालिकेतील शेवटचा कागद म्हणून ते वाचले. साहित्यसमीक्षेत ज्याला संदर्भानुसारी वाचन म्हणतात, तेच येथे न्यायदानाचे साधन बनले. आठ वर्षांपूर्वी तेच पत्र दोनच दिवसांत स्वीकारले गेले होते. पत्र बदलले नव्हते. वाचन बदलले होते.

७

या विवेचनावर एक रास्त हरकत घेता येईल. अशा प्रत्येक राजीनाम्याला सक्तीचा म्हटल्यास त्या स्त्रीची इच्छाशक्तीच आपण नाकारीत नाही काय? पुष्कळजणींनी विचारपूर्वक, ताठ मानेने नोकरी सोडली आहे. त्यांच्या दृष्टीने ती हार नव्हती. आपली किंमत आपण ठरविण्याचा तो प्रकार होता. त्यांना केवळ बळी ठरविणे हाही एक छलच होईल.

या हरकतीचे उत्तर निर्णय व पर्याय यांतील भेदात आहे. निर्णय तिचा असतो. पर्याय तिचे नसतात. घराला आग लागल्यावर माणूस खिडकीतून उडी टाकतो, तेव्हा उडी त्याचीच असते, धैर्यही त्याचेच असते. परंतु त्यावरून तो घर सोडण्यास राजी होता असे कोणी म्हणत नाही. ‘राजी’ या शब्दाने निर्णयाचे कर्तृत्व आणि पर्यायांविषयीचा संतोष ही दोन एकात मिसळली आहेत. ती वेगळी केली म्हणजे तिच्या स्वाभिमानाला बाध न आणता संस्थेची जबाबदारी शिल्लक ठेवता येते.

नोकरी न सोडणाऱ्या स्त्रीचे वाचन कसे होते, तेही येथे पाहिले पाहिजे. १९९१ मध्ये अमेरिकेच्या सेनेटच्या समितीपुढे अनिता हिल यांनी आपल्या पूर्वीच्या वरिष्ठांविरुद्ध साक्ष दिली, तेव्हा त्या त्यांच्या हाताखाली राहिल्या कशा, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात त्यांच्यामागून गेल्या कशा, हा प्रश्न त्यांच्याविरुद्ध वापरण्यात आला. राहिली तर राजी होती, गेली तर राजीनामा देऊन गेली. राहण्याचा व जाण्याचा अर्थ एकच लावला जात असेल, तर तो अर्थ तिच्या कृतीतून निघालेला नाही, वाचणाऱ्याने आधीच ठरविलेला आहे, असा निष्कर्ष काढणे प्राप्त आहे.

मराठी रंगभूमीने या वाचनाचे चित्र विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकात पाहिले आहे. तेथील विषय नोकरीतील छळ हा नाही. पण शिक्षिका असलेल्या लीला बेणारेवर अभिरूप खटला चालतो, तिची नोकरी धोक्यात येते, आणि ज्या प्राध्यापक दामल्यांचा त्यात वाटा आहे, ते रंगमंचावर येतच नाहीत. ‘राजीनामा द्यावा लागला’ या वाक्यात कर्त्याची जागा जशी रिकामी असते, तशीच ही अनुपस्थिती आहे. नाटक पाहताना प्रेक्षकाला ती रिकामी जागा खुपते. दप्तर वाचताना ती कोणालाच खुपत नाही, हा दोहोंतील फरक आहे.

८

वरील विवेचनातून काही गोष्टी निष्पन्न होतात. नाव देण्याची चळवळ आवश्यक होती आणि तिचे श्रेय इथाकातील त्या स्त्रियांना दिलेच पाहिजे. परंतु नाव पुरेसे नव्हते, कारण ते नाव ज्या कागदावर उमटावयाचे, त्या कागदाची रचना जुन्या संमतिपत्राचीच राहिली. म्हणून सुधारणा शब्दकोशाइतकीच दप्तराच्या नमुन्यांतही झाली पाहिजे. राजीनामा स्वीकारणारा आणि त्याचे कारण विचारणारा ही दोन माणसे वेगळी असावीत. कारणाची विचारणा राजीनामा ज्याच्याकडे जातो त्या वरिष्ठाने न करता अंतर्गत समितीच्या सदस्याने करावी, उत्तर देणे ऐच्छिक असावे, आणि तक्रारीची मुदत अद्याप उलटलेली नाही हे जाणारीला लेखी कळवावे. एका विभागातून ‘वैयक्तिक कारणास्तव’ जाणाऱ्यांची संख्या वाढली तर ती वार्षिक अहवालात दिसावी. यांपैकी एकाही गोष्टीला नवा शब्द लागत नाही.

विद्यापीठांना या बाबतीत दूरच्या कचेऱ्यांकडे बोट दाखविता येणार नाही. कार्मिटा वुड विद्यापीठातच नोकरीस होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनी विद्यार्थिनींनाही संरक्षण दिले आहे. पण संशोधक विद्यार्थिनी जेव्हा प्रबंध अर्धवट टाकून जाते, तेव्हा तिच्या अर्जावरही तेच दोन शब्द असतात. मार्गदर्शकाची सही त्याच्याखाली असते आणि विभागप्रमुखाची शिफारसही. तो अर्ज कोणत्या अर्जांनंतर आला, मार्गदर्शक बदलून मागणारा एखादा कागद त्याच्याआधी आला होता काय, हे पाहण्याची सवय विभागांना नाही. मजकुराच्या खाली दडलेला मजकूर वाचणे हे ज्यांचे नित्याचे काम आहे, अशा अभ्यासकांनी तरी आपल्या टेबलावर येणारा असा अर्ज आधीच्या कागदांसह वाचावा, एवढी अपेक्षा अवाजवी ठरू नये.